धडधडीची नोंद रोजकीर्दीत घ्यायची नाही

आमच्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला रक्तदान शिबिर असतं, आणि स्टाफनं आधी रक्त द्यायचं असा न लिहिलेला ठराव आहे. रांगेत मी तिसरी होते. ब्लड बँकेच्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि परत फुगवला. "मॅडम, तुमचं आज नको." १५८/१०२. वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या पुढं असला की ते रक्त घेत नाहीत. मागून शाखाधिकारी म्हणाले, "सुई बघून घाबरली असंल!" सगळे हसले. मीही हसले, बिस्किटाचा पुडा घेतला आणि काउंटरला जाऊन बसले. वय २७.

हसले खरी, पण दुपारभर कॅश जुळेना. मी बारावीत असताना पप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. बीपीची गोळी त्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून मधेच सोडली होती. त्यामुळं बीपी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आकडा येत नाही, पप्पांचा वाकडा झालेला ओठ येतो.

दुसऱ्याच दिवशी मशीन आणलं आणि तिथून खरा घोळ सुरू झाला. उठल्यावर मोजायचं, चहा पिऊन मोजायचं, जिना चढून आल्यावर मोजायचं, धडधडलं की मोजायचं. एका रविवारी मी सतरा वेळा मोजलं. १३८ आलं की विश्वास बसायचा नाही म्हणून परत, १५५ आलं की भीती वाटली म्हणून परत. भीतीनं आकडा वर, आकड्यानं भीती वर. अशाच एका रात्री १७६/११० आलं, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. भावानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी साफ निघाला. नुसतं पडून राहिले तर तासाभरात १४८/९४.

मग माझ्याभोवती दोन पक्ष पडले. आत्या म्हणायची, घराण्यातच आहे, बीपीच ते. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, अगं नुसतं टेन्शन आहे, या वयात कसलं बीपी. पुढं कळलं की दोघींचंही अर्धं बरोबर होतं. ही दोन वेगळी खाती आहेत. एकातलं दुसऱ्यात वळतं केलं की हिशेब बिघडतो: बीपीला टेन्शन म्हणाल तर उपचाराविना वर्षं जातील, आणि टेन्शनला बीपी म्हणाल तर गोळ्या वाढत जातील, धडधड तिथंच. माझे दोन डॉक्टर आहेत, एक फिजिशियन आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. पुढचं बरंचसं त्यांनी शिकवलेलं आहे, बाकीचं मी चुका करून शिकले. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या गोळीचं नाव वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका.

सात दिवसांची रोजकीर्द

फिजिशियननं पहिल्या भेटीत गोळी दिलीच नाही. म्हणाले, आठवडाभर नीट मोजून आणा, मग बोलू. नीट म्हणजे काय, ते त्यांनी खुर्चीत बसवून दाखवलं, आणि माझे आधीचे सगळे आकडे कच्च्या व्हाउचरच्या लायकीचे होते हे तिथंच समजलं.

मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा तुमच्या दंडाच्या घेराला बसतो का ते बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर येतो. दुकानदार हे सांगत नाही, त्याला विचारायचं असतं. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. मी आधी ब्लाउजची बाही वर सरकवायचे, ती दंडाला काचायची. ते नको, सैल गाऊन घाला. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, जिना, व्यायाम काही नाही. लघवी करून या, भरल्या मूत्राशयानं आकडा वाढतो. खुर्चीला पाठ टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. आणि पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे फोनवर रील बघत नव्हे. मशीन चालू असताना बोलायचंही नाही, आणि आमच्या घरात हेच सगळ्यात अवघड, कारण पट्टा फुगायला लागला की आई विचारणारच, "किती आलं गं?"

सकाळी गोळी-नाश्त्याच्या आधी दोनदा, मधे एक मिनिट सोडून. रात्री झोपायच्या आधी तसंच दोनदा. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्यायचे, कारण पहिल्या दिवशी सगळेच बावरलेले असतात. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे होतात, त्यांची सरासरी काढायची. घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेषा धरतात, दवाखान्यातल्या मापाला १४०/९०. काहींचं दवाखान्यात वर असतं आणि घरी अगदी व्यवस्थित. पांढऱ्या कोटाची भीती, दुसरं काही नाही. काहींचं उलटं, दवाखान्यात छान आणि घरी-ऑफिसात वर, आणि हे लोक वर्षानुवर्षं सापडत नाहीत.

माझी सरासरी १४६/९५ आली. म्हणजे मैत्रिणींचं "नुसतं टेन्शन" खोडलं गेलं. पण १७६ सुद्धा खोडला गेला. तो आकडा खोटा नव्हता, पण तो दाब त्या अर्ध्या तासाचा होता, माझा नव्हता.

तेव्हापासूनचा नियम, वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलेला: मोजायचं ते घड्याळ बघून, भीती वाटली म्हणून नाही. रोजकीर्दीत जशी व्यवहाराशिवाय नोंद नसते, तशी वेळेशिवाय आकड्याची नोंद नाही. आता गोळी बसल्यावर मी आठवड्यातून दोन दिवसच मोजते, आणि डॉक्टरांच्या भेटीआधीचा आठवडा पूर्ण. मशीन आत्याच्या कपाटात असतं, किल्ली तिच्या कमरेला. सुरुवातीचे पंधरा दिवस मी किल्लीसाठी तिच्याशी भांडले, हेही लिहून ठेवते.

तपासण्या, आणि घरातले छुपे चोर

तरुणपणी बीपी निघालं तर डॉक्टर कारण शोधतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी शोधलं नाही तर तुम्ही विचारा. मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाला जाणारी रक्तवाहिनी अरुंद असणं, थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथीचे (मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींचे) दोष, झोपेत घोरताना श्वास अडकणं, यातलं काही असेल तर उपचाराची वाटच बदलते. माझे दोन्ही हातांचे दाब बघितले, पायाची नाडी बघितली. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, साखर, चरबी, टीएसएच (थायरॉइडसाठी), लघवी, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. सगळं ठीक निघालं.

मग त्यांनी विचारलं, "पाळीत गोळ्या घेता?" घ्यायचे. दर महिन्याला तीन-चार दिवस पेनकिलर, शिवाय मार्चअखेरीला डोकं धरलं की जादाच्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या दाब वाढवतात. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही वाढवतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी काही जणींचं वाढतं. आणि माझ्या आईचा लाडका काढा! आवाज बसतो म्हणून ती मला वर्षभर रोज ज्येष्ठमधाचा काढा देत होती. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि दाब चढतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अजून एक गोष्ट, जी मी डॉक्टरांना दुसऱ्या भेटीला सांगितली. मिश्री. आमच्याकडं आजी लावायची, आत्या लावते, आणि दहावीच्या अभ्यासाला जागायला म्हणून मीही सुरू केली ती सुटली नव्हती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. लावली की निकोटिननं नाडी आणि दाब दोन्ही चढतात, आणि उतरताना जी तगमग होते ती मी "टेन्शन" म्हणून लिहीत होते. ऑफिसात शिकल्यासवरल्या किती जणींच्या पर्समध्ये ती डबी आहे ते मला माहीत आहे. डॉक्टर सिगारेट-दारू विचारतात आणि मुलगी बघून तेवढ्यावर थांबतात. आपण होऊन सांगा. सोडायला मला चार महिने लागले, दोनदा परत लागली.

मीठ मोजायची सोपी युक्ती

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, सगळं धरून. घरात हे कोण मोजणार? मी पिशवी मोजली. एक किलोची नवी पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख टाकली. आम्ही चौघं. माणशी पाच धरले तर रोजचे वीस ग्रॅम, म्हणजे पिशवी पन्नास दिवस जायला हवी. आमची सव्विसाव्या दिवशी संपली. दिवसाला साडेअडतीस ग्रॅम, माणशी साडेनऊच्या वर. आणि यात बाहेरची भेळ, वडापाव, बेकरीची खारी, चिवडा आला नाही.

या आकड्यावर आईशी वाद घालता येत नाही, तीच याची मजा. "मीठ कमी कर" म्हटलं तर ती म्हणते, "कमीच घालते मी." पिशवीवरची तारीख दाखवली तर गप्प. पहिल्यांदा ताटातलं मीठ बंद केलं. मग रोजचं लोणचं रविवारपुरतं. पापड, कुरडया हे खरे बनेल. पापडात मीठ तर असतंच, पापडखारातही सोडियमच. भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय गेली, कुणाला कळलंही नाही. ठेच्यात लसूण आणि लिंबू वाढवलं. आमटी पहिले दोन आठवडे सगळ्यांना अळणी लागली, तिसऱ्या आठवड्यात भाऊ बाहेर जेवून आला आणि म्हणाला, खारट होतं. आता पिशवी एकेचाळीस दिवस जाते. पन्नास अजून झाली नाही.

सैंधव घेतलं म्हणजे सुटलो असं नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. अनेकांना ते चांगलं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

गोळीबद्दल थोडं

मला अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली. तिचा परिणाम हळूहळू चढतो, आज घेतली आणि उद्या मोजली असं करू नका. घोट्यांना सूज आली तर सांगा, त्यावर उपाय असतो. सकाळी की रात्री, यावर घराघरात वाद असतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं की हृदयविकाराचे, अर्धांगाचे झटके टाळण्यात वेळेनं फरक पडत नाही. रोज आठवणीनं घेणं महत्त्वाचं. माझी गोळी दात घासायच्या ब्रशशेजारी असते. मुलींनी एक गोष्ट न लाजता सांगावी: पुढं-मागं मूल हवं असेल तर ते आधीच बोला, लग्न झालेलं असो-नसो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांच्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

एका काकांनी सर्पगंधेचं चूर्ण आणून दिलं होतं, "नैसर्गिक आहे" म्हणून. सर्पगंधेनं दाब उतरतो हे खरं आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली त्यावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगभर तिचं नाव झालं. पण तिच्यातल्या रेसरपिननं काही रुग्णांना खोल उदासी यायची, म्हणून आता ते फारसं देत नाहीत. आधीच ज्याचं मन काठावर बसलेलं आहे त्यानं हे चूर्ण बरणीतून चमच्यानं खाणं म्हणजे... काकांना मी फक्त "हो" म्हटलं.

दुसरं खातं

मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला मला आठ महिने लागले. कराडात कोण बघेल म्हणून साताऱ्याला गेले, आणि वेटिंगमध्ये आमच्याच शाखेच्या खातेदार बाई भेटल्या. दोघीही दुसरीकडं बघत बसलो.

तिथं चिंता मोजणारा सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतात, जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत काळजी थांबवता येत नाही असं किती दिवस झालं, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २१. दहा किंवा जास्त आले की नीट तपासणी हवी असं धरतात. मला १४ आले. खरं सांगू, आकडा मिळाला म्हणून बरंच वाटलं. आम्हा हिशेबवाल्यांना नाव नसलेली रक्कम सहन होत नाही.

समुपदेशक मॅडमनी दोन कामं दिली ती आजही चालू आहेत. पहिलं: मोजायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, "आज १७० असणार", आणि शेजारी खरा आकडा. महिन्याभरात दोन रकाने शेजारी शेजारी उभे राहिले. माझा अंदाज सरासरी वीस-बावीसनं जास्त. धडधड म्हणजे दाब, हे माझं गणितच चुकलेलं होतं. दुसरं: काळजीची वेळ ठरवायची. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, गच्चीवर, वही घेऊन. दिवसात काळजी आली की एक शब्द लिहून ठेवायचा आणि म्हणायचं, साडेसहाला ये. वेडेपणा वाटतो. पण साडेसहाला त्यातल्या निम्म्या काळज्या हजरच नसतात.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीही दिली होती, सहा-सात महिने चालली. अशा गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी थोडी वाढूही शकते. हे आधी माहीत असलं की माणूस चौथ्या दिवशी सोडत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, कारण व्हेनलाफॅक्सिनसारख्या मनाच्या काही गोळ्या दाब वाढवू शकतात. आणि शेजारणीनं प्रेमानं दिलेली अर्धी झोपेची गोळी घेऊ नका. तिची सवय लागते, आणि ती सोडणं मिश्रीपेक्षा सोपं नसतं.

भीतीचा झटका येतो तेव्हा मी काय करते: बसते. चार मोजत नाकानं श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास. बोटांना मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्यानं, अर्धांगामुळं नव्हे. अर्धांगात बहुतेक वेळा एक बाजू जाते, दोन्ही हातांची बोटं सहसा एकदम झिणझिणत नाहीत. लाट साधारण दहा मिनिटांत शिखराला जाते आणि उतरते. तेव्हा मोजायचं नाही. कपालभाती-भस्त्रिका मला सोसली नाही, जोरानं श्वास फेकला की झटक्यासारखंच वाटायचं, आणि दाब ताब्यात नसताना ती करूही नये म्हणतात. त्यापेक्षा संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन येते, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-पाऊण तास. पहिल्या महिन्यात चालताना हृदय जोरात वाजलं की मी थांबायचे. आता वाजू देते, चालल्यावर ते वाजणारच.

साताऱ्याला जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर चोवीस तास आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

थांबायचं नाही असे प्रसंग

छातीत दाबल्यासारखं होणं, तोंड वाकडं होणं, एका हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखून भ्रमिष्टासारखं होणं: यात श्वास मोजत बसू नका, १०८ लावा. आकडा कितीही असो. यातलं काहीच नाही पण १८०/१२० किंवा वर दिसतंय, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनानं जादा गोळी घेऊ नका, आणि कुणी जिभेखाली गोळी ठेवून झटपट उतरवतो म्हणालं तर नको म्हणा. दाब झपकन पाडणं मेंदूला आणि हृदयाला धोक्याचं असतं.

आता राहिली स्थळं. आईचं म्हणणं, बघायला येतील तेव्हा हे बोलायचं नाही, लग्नाच्या मुलीला बीपी म्हटलं तर संपलंच. तिच्यावर मी रागावत नाही, तिनं एकदा नवऱ्याचं बीपी लपवलेलं बघितलंय आणि सोसलंयही. पण मी सांगते. चहाचा ट्रे ठेवते आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात सांगून टाकते. दोन स्थळं गेली. तिसऱ्या मुलानं विचारलं, "कुठली गोळी? मी टेल्मिसार्टन ४०." बोलणी चालू आहेत.

गेल्या महिन्याची सरासरी १२६/८१. परवा आत्यानं वही चाळली आणि ३१ मार्चच्या रकान्यावर बोट ठेवलं. दोन्ही घरं रिकामी, शेजारी माझ्याच अक्षरात: "मोजलं नाही. ताळेबंद होता."